चारचा चहा आणि कमलअक्कांचं बंद दार

काल, बुधवारी, संध्याकाळी साडेसात वाजता कमलअक्कांच्या खोलीचं दार उघडलं.
डॉक्टर म्हणाले, दुपारीच गेल्या.

माणसांनी भरलेल्या वृद्धाश्रमात रात्रीच्या जेवणापर्यंत कुणालाच पत्ता नव्हता. माझी खोली त्यांच्या शेजारची. मलाही नव्हता.

आज सकाळी मॅनेजरसाहेबांनी आश्रमाच्या ग्रुपवर लिहिलं, "कमलअक्का कुणालाही त्रास न देता शांतपणे गेल्या."

त्रास न देता?
त्रास द्यायचा तरी कुणाला, साहेब? बाहेर होतं कोण?

दिवाळीपर्यंत आमच्या या जळगावच्या आश्रमात चारचा चहा व्हरांड्यात व्हायचा. मोठं पातेलं, ठेचलेलं आलं, सगळ्या जणी एकत्र.

अक्का पारोळ्याकडच्या. मी पडले कॉन्व्हेंटची, कपाचा कान धरून हळूच फुंकर घालणारी.
"मडम, बशीमा वत वं! तोंड पोयी जाई," म्हणत त्या स्वतःच माझा चहा बशीत ओतायच्या.
आमच्या सिस्टरनी पाहिलं असतं तर हातावर छडी बसली असती. सत्तरीत मी भुरके मारायला शिकले, आणि छान शिकले.

पण स्वतःचा पहिला घोट घेण्याआधी अक्का सगळीकडे नजर फिरवायच्या.
"बठ्ठ्या उन्यात का?"
सगळ्या आल्या का?

जी आली नसेल तिचं दार त्या स्वतः जाऊन बडवायच्या. "ऊठ वं माय, चहा थंडा व्हई ऱ्हायना!"
सुशीलाताई बाथरूममध्ये पडल्या होत्या, ते अशाच एका चहाच्या वेळी कळलं. आज त्या चालत्याफिरत्या आहेत.

मग मॅनेजरसाहेबांना आमची दया आली. म्हाताऱ्या माणसांनी व्हरांड्यापर्यंत कशाला यायचं? दुपारच्या ताटाबरोबरच खोलीत थर्मास येऊ लागला.

मी भांडले.
"मॅडम, चहा मिळतोय ना? मग प्रॉब्लेम काय? तुमचीच सोय केली."

सोय!
चार वाजता एकही दार उघडेनासं झालं. आठ-आठ दिवस एकमेकींची तोंडं दिसेनात. थर्मास उचलायलाही माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी येतो.
अक्का म्हणाल्या होत्या, "एकलीनं काय चहा पेवाना?"
काल त्यांचा थर्मास भरलेला होता. झाकणही उघडलेलं नव्हतं.

वाचल्या असत्या का? माहीत नाही. उगाच काही म्हणणार नाही. पण अशा तासन्‌तास एकट्या पडून राहिल्या नसत्या. आयुष्यभर दुसऱ्यांची दारं वाजवणाऱ्या बाईचं दार वाजवायला कुणीतरी गेलं असतं.

अक्का, तुम्हाला हात जोडून नमस्कार. सुखानं जा.

आणि विश्वस्त मंडळ, तुमच्यासाठी दोन प्रश्न.
व्हरांड्यातला चहा पुन्हा कधी सुरू होणार?
आणि ग्रुपवरचं ते वाक्य कोण मागे घेणार?

उत्तर लेखी हवं, सहीसकट, सोमवारी सकाळी अकराच्या आत. "बघतो, मॅडम" हे उत्तर धरलं जाणार नाही.