टाकीवरचा पोचा

लिहिणं हे माझं काम नाही, हे आधीच सांगतो आणि त्याबद्दल माफीही मागतो. आमच्या घरात आजवर लिहिलं गेलं ते अर्ज आणि लग्नपत्रिकांवरचे पत्ते. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिला, म्हणून ती दोन्ही कामं माझ्याकडे येतात. त्यापलीकडे काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही. मोटरसायकलीतलंही मला फार कळत नाही. तरी यंदा जुनी गाडी बघत फिरताना जे झालं, ते कुठंतरी लिहून ठेवावंसं वाटलं. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव मुदखेडच्या बाजूला. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ते कालव्यावर पाणी सोडायच्या नोकरीत होते. त्यांनी जुनी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल घेतली, ती आमच्या वस्तीतली पहिली. जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा लावून तीच सगळ्यांच्या पुढं असायची. एरवी ती कालव्याच्या काठानं धडधडत जायची आणि मी पुढं टाकीवर बसलेला असायचो. टाकीला डाव्या अंगाला एक पोचा होता. कालव्याच्या दाराचं लोखंडी चाक लागून तो पडला होता. माझी मांडी त्या पोचात बरोबर बसायची. ऊन असलं की टाकी चटका द्यायची, म्हणून मोठे बाबा खांद्यावरचा रुमाल माझ्याखाली अंथरायचे. पेट्रोलचा आणि ओल्या गवताचा वास एकत्र आला की मला अजून ते दिवस आठवतात.

मी दहावीत होतो तेव्हा त्यांच्या एका डोळ्याला नीट दिसेना. ऑपरेशन झालं, पण फरक पडला नाही. मग गाडी विकली. नांदेडच्या एका दलालानं ती नेली आणि पुढं लातूरकडं धाडली, एवढंच कळलं. बैल विकताना दावं देत नाहीत, तसं मोठ्या बाबांनी किल्लीची कडी काढून घेतली आणि नुसती किल्ली दिली. ती पितळी कडी तेव्हापासून त्यांच्या खिशात आहे.

गाडीचं नाव ते काढत नसत. पण रस्त्यानं तसली गाडी गेली की बोलता बोलता थांबायचे. मी कॉलेजला नांदेडला जाऊ लागलो तेव्हा एकदाच म्हणाले, "तिकडं कुठं दिसली तर बघ. मला परत नको. भंगारात गेली का चालून राहिली, एवढं कळलं पायजे."

मी नंबर फोनवर टाकून बघितला. कागदांची मुदत संपलेली दिसली, बाकी काही नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही.

यंदा माझी सकाळची प्रॅक्टिकलं सुरू झाली आणि बसची वेळ जुळेना. वडील म्हणाले, जुनी का होईना, एक गाडी घे. सोबत मोठ्या बाबांना ने, त्यांना कळतं. मी फोनवरचे व्हिडिओ बघून काय काय तपासायचं ते पाठ केलं होतं. मोठे बाबा मात्र गाडीजवळ गेले की डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "चालू करा."

नांदेडच्या एका दुकानात विकणारा वैतागला. "मामा, गाडी बघायला आलात का भजन ऐकायला?"

"डोळ्यानं बघितलं तर तुम्ही पॉलिश दाखवता," मोठे बाबा म्हणाले. "आवाजाला कशाचं पॉलिश करता?"

त्यांना एकही पसंत पडेना. हिची चेन ओरडते, तिचं इंजिन खोललेलं हाय. मला वाटू लागलं, ते माझ्यासाठी गाडी बघतच नाहीत. पण तसं विचारायचा धीर होईना.

मग लातूरची एक जाहिरात दिसली. साडेतीनशेचीच गाडी. मी विकणाऱ्याला फोन लावून गाडी चालू करायला सांगितलं आणि फोन मोठ्या बाबांच्या कानाला दिला. त्यांचा चेहराच बदलला.

"हीच हाय," ते म्हणाले.

"कशावरून?"

"आता आवाज वळखायला काय पुरावा लागतो का?"

नंबर वेगळा होता. मी ते सांगितलं, तर म्हणाले, नंबर काय, पाटी बदलली की झालं. पाटी अशी बदलत नाही हे मला माहीत होतं. तरी आम्ही पहिल्या बसनं लातूरला गेलो.

दुकानदार साठीकडे झुकलेले, कपाळावर भस्म लावलेले गृहस्थ होते. मोठे बाबा थेट गाडीकडे गेले आणि टाकीच्या डाव्या अंगावरून हात फिरवला. मग पुन्हा फिरवला. टाकी गुळगुळीत होती.

"मामा, एक रेघ न्हाई टाकीला," दुकानदार म्हणाले. "असला माल लातुरात दुसरीकडं दाखवा."

"तेच तर," मोठे बाबा म्हणाले आणि बाजूच्या बाकड्यावर बसले.

मला वाटलं, आता परत जायचं. पण थोड्या वेळानं ते उठले, इंजिनाला उलटा हात लावला आणि म्हणाले, "गरम हाय. आमच्या आधी चालू करून ठिवली का?"

"उन्हानं तापली असंल, मामा."

"सावलीत कुठलं ऊन? गार होऊ द्या, मग बघू. पोराला पहाटं थंड गाडी चालू करायची हाय."

दुकानदार हसले आणि त्यांनी चहा सांगितला. गाडी गार होईपर्यंत बसायचंच होतं, म्हणून मी धीर करून आमच्या गाडीबद्दल विचारलं. डाव्या अंगाला पोचा, असा असा. त्यांनी कपाळ खाजवलं.

"पोचा असलेली एक आलती. लई दिवस झाले. रंग मारून देतो म्हणलो, तर गिऱ्हाईक म्हणला, मला शेतात न्यायची हाय, रंग कशाला? हदगावकडचा कास्तकार व्हता. नाव काय माझ्या ध्यानात न्हाई."

"शेतात?" मोठ्या बाबांनी विचारलं.

गार झालेली गाडी दुसऱ्या किकला चालू झाली. मोठ्या बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "तुझ्यासाठी चांगली हाय, घे." व्यवहार झाला. दुकानदारांनी नुसती किल्ली माझ्या हातात ठेवली तेव्हा मी नकळत मोठ्या बाबांच्या खिशाकडे बघितलं. त्यांच्या ते लक्षात आलं.

"ती तिची हाय," ते म्हणाले. "तू तुझ्यासाठी दुसरी घे."

परत येताना ते मागं बसले. चाकूरला चहाला थांबलो. मी विचारलं, कसा चालवतो? म्हणाले, "गियर उशिरा टाकतो. तुला पुढं बसवून फिरवलं तेव्हा काय टाकीच बघत व्हता का?"

माझ्या वर्गात हदगावचा एक मित्र आहे. त्याला सगळं सांगून ठेवलं. सोयाबीनमधलं तण काढायची कोळपणी सुरू झाली आणि तो गावी गेला. एका संध्याकाळी त्याचा व्हिडिओ आला. मोटरसायकलचं मागचं चाक काढून तिथं दोन लहान चाकं लावलेली, त्यांच्यामागं लोखंडी कोळपं आणि वर बसलेला शेतकरी सोयाबीनच्या ओळींतून सरळ चाललेला. पुढचा भाग तसाच, टाकीसकट.

मी आवाज मोठा करून फोन मोठ्या बाबांकडं दिला. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "फोनवर कायबी वाटतं. लातूरला बघितलं ना? पोचा इचार त्याला."

व्हिडिओ उजव्या बाजूनं काढलेला होता. मी मित्राला विचारलं. त्यानंतर पाऊस लागला, कोळपणी थांबली आणि मित्राचं उत्तर आलं नाही. रोज कॉलेजातून गाडी दारात लावली की मोठे बाबा ओट्यावरून माझ्याकडे बघायचे. मी नाही म्हणून मान हलवायचो आणि ते पुन्हा खिशातली कडी बोटात फिरवत बसायचे.

काल मित्राचा फोन आला. मी स्पीकर लावून मोठ्या बाबांच्या शेजारी बसलो.

"आत्ता तिच्यापाशीच उभा हाय," तो म्हणाला. "डाव्या अंगाला पोचा हाय. मालक त्यात चुन्याची डबी ठिवतो. दिवसभर चालली तरी पडत न्हाई म्हणून राहिला."