ताट समोर आलं की मी उठायचो

डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. "काका, ये जो दिख रहा है ना, यही गाँठ है." लालसर, ओला बोगदा आणि त्याच्या कडेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं काहीतरी चिकटलेलं. ते माझं मोठं आतडं होतं. कोलोनोस्कोपी म्हणजे मागच्या वाटेने दुर्बिणीची नळी घालून आतडं आतून बघणं, तिचं ते चित्र. बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी, तिचा निकालही टेबलावर होता. मी विचारलं, "कॅन्सर?" डॉक्टरांनी मान डोलावली. मी खुर्चीवरून उठलो. बायको म्हणाली, "बठा ना हो." मी काही बसलो नाही.

बसायची मला सवयच नाही. शहाद्याला एसटीत कंडक्टर आहे मी. आयुष्य चालत्या गाडीत उभं राहून गेलं. सुरतच्या त्या दवाखान्यात मात्र सारखं बसा, थांबा, झोपा. रक्त द्या आणि बसा. सीटी स्कॅन झाला, बसा. माझा जीव नुसता वर-खाली व्हायचा. शोभा, म्हणजे माझी बायको, पिशवी मांडीवर घेऊन एका जागी शांत बसलेली असायची, आणि मी वऱ्हांड्यात येरझाऱ्या घालायचो.

ऑपरेशन नीट झालं. आतड्याचा तुकडा काढला, टोकं जोडली. मग केमोथेरपी, म्हणजे सलाइनमधून कॅन्सरचं औषध. दर तीन आठवड्यांनी नंदुरबारहून गाडी पकडून सुरत गाठायची, बाकी दिवस घरी गोळ्या. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी साफ सांगितलं. "काका, वजन सांभाळा. घटत गेलं तर मला डोस कमी करावा लागेल. आणखी घटलं तर थांबवावं लागेल. आणि अर्ध्यात थांबवलं, तर जे उरलं असेल ते पुन्हा डोकं वर काढेल." म्हणजे सगळा मामला वजनकाट्यावर आला. मनात म्हटलं, खाणं एवढंच ना काम, खाऊ की.

कसलं खाऊ! दुसऱ्या सलाइननंतर तोंडात कायम चिल्लर ठेवल्यासारखी चव. पोळी तशीच लागायची, दूधही तसंच. गार पाणी घशात काट्यासारखं टोचायचं. स्टीलच्या पेल्याला हात लावला की बोटांत झिणझिण्या. न्यूरोपथी म्हणतात तिला, औषधाने नसा चिडतात आणि गारठा सोसत नाही. गल्लीत कुणाच्याही घरी मिरचीची फोडणी पडली की माझ्या पोटात ढवळायला लागायचं. आणि आमच्या गल्लीत मिरचीशिवाय फोडणी पडते कुठे?

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या होत्या, भूक लागायची वाट बघू नका. औषध घेता तसं खा, दर दोन तासांनी थोडं थोडं. अंडं, पनीर, मुगाची डाळ, शेंगदाण्याचा कूट, वरून चमचाभर तूप. शोभाने सगळं ऐकलं, सगळं केलं. फक्त ते 'थोडं' तिच्याच्याने होईना. आमच्याकडे ताट भरून वाढायचं असतं. कमी वाढणं म्हणजे माणसाचा अपमान, आणि आजाऱ्याला कमी वाढणं तर अपशकुनच. दर दोन तासांनी माझ्यापुढे भरलेलं ताट यायचं. त्यावर आला-गेला पाहुणा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायचा.

भेटायला येणाऱ्यांचं काय सांगू! बिस्किटाचा पुडा, शहाळं, आणि एकच प्रश्न. "आज काय खादं?" माया होती, कळत होतं, पण माझं डोकं फिरायचं. एकदा मी एका मेव्हण्याला म्हणालो, "तुन्हं डोकं खादं." शोभा आठ दिवस माझ्यावर चिडून होती. ताट समोर आलं, चार डोळे वळले, की माझा घसा बंद. मी उठून अंगणात जायचो. मागून तिचा आवाज, "दोन घास तं खाई ल्या." तिसऱ्या खेपेला काट्यावर उभा राहिलो तेव्हा डॉक्टरांनी आकडा कागदावर लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. त्या रेघांचीच मला धास्ती वाटली.

घरात जीव रमेना म्हणून एक दिवस तोंडाला मास्क बांधला आणि स्टँडवर गेलो. हिरालाल ड्रायव्हर भेटला. आम्ही दोघांनी कित्येक वर्षं एका गाडीवर काढली. म्हणाला, "चाल ना, नंदुरबारनी फेरी शे. पुढली सीट खाली शे, बठ." बसलो. गाडी निघाली, खिडकीतून वारा आला, केळीच्या बागा मागे पडायला लागल्या, आणि किती दिवसांनी अंगातली तगमग जराशी खाली बसली.

वाटेत प्रकाशा गावाला गाडी थांबली. हिरालालने डबा उघडला, गूळ-कुटाची पोळी अर्धी मोडून माझ्या हातात ठेवली आणि गाडीची नोंद करायला स्टँडवरच्या कंट्रोलरकडे निघून गेला. त्याने बघितलंही नाही मी खातो का नाही ते. मी खिडकीबाहेर बघत बसलो, आणि पोळी संपली. नंदुरबारला पोहोचल्यावर एक केळं गेलं. परतीच्या वाटेत उरलेली पोळी गेली.

मग डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, मी जन्मभर असंच तर खाल्लंय! या थांब्यावर चतकोर, पुढच्या थांब्यावर एक भजं, घंटी मारता मारता गुळाचा खडा. मांडी घालून पूर्ण ताट मी जेवत होतो फक्त रात्री, तेही कधीमधी.

घरी येऊन शोभाला आनंदाने सांगितलं, तर ती भडकलीच. "मंग घरमा काय मी इख वाढस का?" पुढच्या खेपेला तिने डॉक्टरांपुढेच तक्रार मांडली. ते मला आधी रागावले. केमोत पांढऱ्या पेशी घटतात, साधं इन्फेक्शनही महागात पडतं, त्यामुळे दुसऱ्याच्या डब्यातलं नको, उघड्यावरचं नको, गर्दीत तर मुळीच नको. मग हसले. "घर का डिब्बा लेके जाओ काका. फिर बस में खाओ, छत पे खाओ, कहीं भी खाओ."

शोभाने ते मनावरच घेतलं. चिमुकले डबे आणले, मुलांच्या खाऊचे असतात तसले. एकात मुगाचं धिरडं, एकात अंडं, एकात कुटाचा लाडू. कोमट पाण्याचा थर्मास. अंगात ताकद असेल त्या दिवशी दुपारच्या रिकाम्या गाडीने एक फेरी. सलाइननंतरच्या वाईट दिवसांत अंगणातच फेऱ्या. तुळशीपाशी एक घास, पाण्याच्या टाकीपाशी एक, फाटकापाशी एक. कुणी बघायचं नाही, कुणी विचारायचं नाही, अशी सक्त ताकीद. उलट्या व्हायच्या त्या व्हायच्याच. काही दिवस घास नुसता फिरायचा तोंडात. पण काटा खाली जायचा थांबला. पाचव्या खेपेला अर्धा किलो वाढलं, तर मी तिथेच सिस्टरला म्हणालो, "पेढे आणू का?"

सिस्टर आमच्याच भागातली, नवापूरकडची. ती हसली नाही. माझ्या मागे उभ्या शोभाकडे बघत होती. म्हणाली, "काकी, तुम्ही चढा बरं काट्यावर."

"माले काय व्हयनं शे?" शोभा म्हणाली.

"चढा तर."

पिशवी खांद्यावर ठेवूनच चढली. सिस्टरने पिशवी काढून घेतली. आकडा आला आणि मला वाटलं, यंत्र बिघडलं. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तिने रक्त दिलं होतं, तेव्हाचं वजन आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. माझ्या अख्ख्या आजारात माझं जेवढं उतरलं, त्याहून तिचं जास्त उतरलं होतं. आणि मी? मी आरशात स्वतःच्या गालाची हाडं बघत होतो.

डॉक्टरांनी तिला बसवलं. "काकी, दिनभर क्या खाते हो?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्या जेवनात का मंग मी जेवस." म्हणजे यांचं झालं की मग माझं.

"मग काका तर खातायत आता," सिस्टर म्हणाली.

"खातस. पन ताटवर कोठे बठतस? ह्या ताटवर बठतस नही, मंग मी कशी बठू?"

लग्न झाल्यापासून ती माझ्या मागून जेवते. आई तशीच जेवायची, गल्लीतल्या साऱ्या बाया तशाच जेवतात, त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही. मी थांब्या-थांब्यावर खायला लागलो, बरा व्हायला लागलो, आणि तिच्या जेवणाची वेळ यायचीच बंद झाली. दिवसभर चहा, रात्री माझ्या डब्यांत उरलंसुरलं. मला रडू आलं. तिथे, सगळ्यांच्या देखत आलं, आणि मी ते पुसलंही नाही.

डॉक्टरांनी तिचंही रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला लाल अंश, फार कमी होतं. बाकी काही नव्हतं. उपासमार होती, घरात डाळ-तांदूळ भरलेले असताना.

माझे सगळे डोस पूर्ण झाले. शेवटचा स्कॅन स्वच्छ आला. पुढचं कुणी सांगू शकत नाही, डॉक्टरही सांगत नाहीत, आणि मी अजून रात्री उठून अंगणात चकरा मारतो. ज्यांच्या घरी हे आलंय त्यांना एवढंच सांगतो. आजाऱ्यापुढे ताट ठेवून बघत बसू नका, त्याला त्याच्या चालीने खाऊ द्या. आणि वजन करायला जाल तेव्हा सोबत आलेल्या माणसालाही काट्यावर चढवा. त्या सिस्टरचे आणि डॉक्टरांचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत. माझ्यासाठी मानतो, त्याहून हिच्यासाठी जास्त मानतो.

तिला काट्यावर चढवलं त्या दिवशी परतीच्या गाडीत मी सगळे डबे माझ्याकडे घेतले. सुरत सुटताच एक उघडून तिच्या हातात दिला. "आधी तू." ती म्हणाली, "लोके देखी ऱ्हायनात." मी म्हणालो, "देखू दे." आमचं थोडं भांडण झालं. समोरच्या बाकावरची बाई हसायला लागली. शेवटी शोभाने पदर सारखा केला, खिडकीकडे तोंड फिरवलं आणि धिरड्याचा घास घेतला. मग दुसरा. मग लाडू. भराभर खात होती, कधीची भुकेली असल्यासारखी. होतीच ती.

मी उठलो नाही, येरझाऱ्या घातल्या नाहीत, तिच्याकडे बघत बसून राहिलो. आणि बघता बघता माझ्या पोटात काहीतरी कुरतडायला लागलं. मला आधी कळेचना हे काय. मग कळलं, भूक. खरी भूक, कित्येक महिन्यांनी.

मी हात पुढे केला. "माले बी दे ना थोडं."

तिने डबा आपल्याकडे ओढला. "थांबा," ती भरल्या तोंडाने म्हणाली, "आधी मन्हं व्हऊ द्या."