मागच्या फळीवरचा नारळ

गच्चीवरच्या टाकीला आज फायबरचं ठिगळ लावलं. रेझिनचा तो डोक्यात जाणारा वास आला आणि शिरोळला मी नवी सून होते तो उन्हाळा आठवला.

पुरात माणसं हलवायला गावानं ठेवलेल्या नावेला मागं इंजिन जिच्यावर बसतं, ती फळी आतून कुजली होती. रशीदमिस्त्रींनी नवं लाकूड घालून वरून फायबर चढवलं आणि रंग दिला. सासूबाई रोज बघून यायच्या. "रंगाखाली काय हाय कुणाला दिसतंय?" म्हणायच्या.

नाव पाण्यात सोडायच्या दिवशी त्यांनी सरपंचांच्या हातातला नारळ घेतला, पूजा केलेलं पुढचं टोक सोडून तरातरा मागं गेल्या आणि नव्या फळीवर असा आदळला, की पाणी माझ्या तोंडावर उडालं. मग वाकून फळीवर कुठं चीर गेलीय का, बोटानं चाचपलं. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज मात्र ठिगळ वाळतंय न वाळतंय तोच मीच दोनदा ठोकून बघितलं.

रशीदमिस्त्री त्या दिवशी चिडले नाहीत. पिशवीतून त्यांनी दुसरा नारळ काढला.

"मावशी, ह्यो डावीकडंबी हाणा. पुरात माझी पोरंबी ह्यातच बसणार हायत की."