देवस्की म्हणजे काय

महादेव घाडी देवगडजवळच्या एका खेड्यातला. घाडीपण त्यांच्या घराण्यातच होतं. गावात कुणी अंथरुणाला खिळलं, गाय हरवली, की लोक त्याच्या बापाकडे येत आणि बाप देवाला गाऱ्हाणं घाली. याला देवस्की म्हणत. कुणी शेजाऱ्याच्या वाइटावर काही केलं तर तीही देवस्कीच. फक्त तेव्हा बोलणाऱ्याचा आवाज खाली जाई.

१९७८ साली महादेव आखातातल्या शुवैखच्या एका गॅरेजात फिटर होता. इंजिनं उचलायची साखळी एकदा तुटली. कुणाला लागलं नाही. नवी साखळी चढवली त्या सकाळी त्याने तिच्याखाली कुंकू लावलेला नारळ ठेवला.

"हे काय?" मालकाने विचारलं.

"देवस्की," महादेव म्हणाला.

कारकून हरीश पुण्याचा. त्याने हा शब्द भुताखेतांच्या गप्पांतच ऐकलेला. तो हसत म्हणाला, "ब्लॅक मॅजिक, सर."

मालक हसला नाही. "सिहर?" चेटकाला अरबीत सिहर म्हणतात. "तसं असेल तर हा उद्याच्या विमानाने परत जाईल."

मालकाने ड्रायव्हर मुनव्वरला हाक मारली. तो देवगडच्याच बाजूचा, खारेपाटणचा; अरबी उत्तम बोले.

मुनव्वर महादेवजवळ सरकला. "मी दुवा म्हणान सांगतंय. तू गप रव."

"दुवा तुमची. माझी देवस्की. नाव कित्याक बदलू?"

"मेल्या, गावाक जावन काय खातलस? नारळ?"

मालक म्हणाला, "हे कुणाच्या विरुद्ध आहे? त्याला मोठ्याने म्हणायला सांग."

महादेवने तेलकट फरशीवर चपला काढल्या, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, हयसर काम करणाऱ्या सगळ्यांका सांभाळ रे म्हाराजा!"

मुनव्वरने त्याचं अरबी केलं.

"कोणाचो हात मोडूचो नाय, पाय मोडूचो नाय, असा कर रे म्हाराजा!"

आता मुनव्वरच्या तोंडून अरबीच्या आधी दुसरंच निघालं: "व्हय म्हाराजा!" लहानपणी गाऱ्हाण्याच्या वेळी देवळाबाहेरच्या गर्दीत उभा राहून तो हे सगळ्यांबरोबर ओरडत असे.

"तू काय म्हणालास?" मालकाने विचारलं.

मुनव्वरने त्याचंही अरबी केलं.

"आमीन."

मालकाने साखळीकडे पाहिलं, मग महादेवच्या अनवाणी पायांकडे. "काम सुरू करा," तो म्हणाला. "नारळ इथे नको."

महादेव पुढे बरीच वर्षं तिथे होता. साखळी बदलली की तो नारळाशिवाय गाऱ्हाणं घाली. मुनव्वर गाडी धुता धुता बाहेरून होकार देई.