कठड्याची मागची बाजू

आमची बोरिवलीची इमारत पाडून होणाऱ्या टॉवरचं मॉडेल आणायला मी दिंडोशीच्या एका गाळ्यात गेलो. तिथे एक बाई बाल्कनीचे कागदी कठडे रंगवत होत्या. लेझरने कापलेले, सुईएवढे बारीक गज. ते उडू नयेत म्हणून पंखा बंद. आधी लाखेचा पातळ हात, तो वाळला की रंग, मग कठडा उलटून पुन्हा तेच.

"मागची बाजू कोण बघणार? सोसायटीच्या मीटिंगला उशीर होतोय," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली नाही. "एकाच बाजूने रंगवला की कागद वाकतो. मागची बाजू दाखवायला नसते, सरळ उभं राहायला असते. बसा."

बसलो.

इमारत पाडून कित्येक वर्षं झाली, आम्ही अजून भाड्याच्या घरात आहोत. टॉवरच्या जागी खड्डा आहे. माझ्या कपाटावरच्या मॉडेलचा एकही कठडा वाकलेला नाही.