सुरेखाची मेणबत्ती आणि माझी दुपारची झोप

भुताखेताला मानणारा माणूस मी नाय. तुर्भ्याच्या मार्केटात वीस वर्षं पाठीवर गोण्या वाहतोय... भूत आलंच तर तेच म्हणेल, ह्याच्या पाठीवर आता जागा नाय. शाळा चौथीपर्यंत, ती पण तिथं फुकट खायला मिळणाऱ्या सुकडीसाठी. हे फोनमधे बोलून लिहितोय, चुकलं तर फोनला बोला.

आमी सानपाड्याला राहतो, तिसरा माळा, एक खोली आणि किचन. बायको सुरेखा वाशीला एका मॅडमकडे स्वयंपाकाला जाते. मॅडमनी तिला काचेच्या बरणीतली मोठी मेणबत्ती दिली, मोगऱ्याच्या वासाची. सुरेखा तिला समईसारखं सांभाळते. गुरुवारी संध्याकाळी लावणार, मेण पार कडेपर्यंत वितळू देणार — नायतर मधेच खड्डा पडतो म्हणे. वातीची काजळी कात्रीनं नाय, चिमटीनं खुडणार. आणि विझवणार झाकण ठेवून. मी एकदा फुंकर मारली तर म्हणाली, "वाढदिवस हाय का तुमचा? दिव्याला कोण फुंकतं?"

तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून ती सातारला गेली. जाताना एकच बोलली, "अवो, मेणबत्तीला हात लावू नका. तुमी आडवे झाले की ढोल वाजवला तरी उठत नाय. घर पेटवाल."

"मी काय येडा हाय?"

...हाय.

ती दुसऱ्या दिवशी येणार होती, आणि त्या दुपारी मी घरात सुके बोंबील भाजले. तिला तो वास अजिबात चालत नाय. मग काय, वास घालवायला मेणबत्ती पेटवली, ठेवली खिडकीत, पडद्याच्या खाली. वर पंखा पाचवर. दहाच मिनटं पडतो म्हटलं...

मग झोप होती का जाग, देवाला माहीत. खोली पाण्यात बुडाल्यासारखी, पिवळी-पिवळी हलत होती. मोगरा. बांगड्यांचा आवाज. खिडकीशी सुरेखा, पाठमोरी. मला टेन्शन कसलं, तर बोंबलाचं ताट लपवायचं! पण हात उठेना. ती वळली नाय. नुसतं म्हणाली, "झोपा."

जागा झालो तेव्हा पाच वाजले होते. मेणबत्ती खिडकीत नाय, ओट्यावर. वर झाकण. मेण कडेपर्यंत सपाट, गार. बाजूला बशीत चिमूटभर काजळी. पडदा वर गाठ मारून ठेवलेला, आणि त्याची खालची कड तळहाताएवढी जळलेली. दाराला आतून कडी... मी तीनदा बघितली.

फोन वाजला. सुरेखा.

"अवो, बरे हाय ना? आईच्या उशाशी बसल्या बसल्या डोळा लागला माझा. तुमी मेणबत्ती लावली?"

"नाय."

"मग माझ्या चिमटीला काजळी कुठनं आली?"

मग मेणबत्ती लावल्याचं कबूल केलं, बोंबलासकट. वाटलं, आता शिव्या. पण नाय. ती हळूच म्हणाली, "पंखा बंद केला होता ना मी?"

मी वर बघितलं. पंख्याचं मी तिला सांगितलंच नव्हतं.

पंखा बंद होता.

मार्केटातले म्हणतात, घेतली असशील. नव्हती घेतली. दुसरं काय कारण असेल, ते मला तरी सापडलं नाय. तुमाला सापडलं तर सांगा.

जळका पडदा ती बदलू देत नाय. गुरुवारी मेणबत्ती लागली की मी समोर ताठ बसतो, झाकण हातात धरून. डोळे जड झाले की ओट्याकडनं ती म्हणते, "झोपा."

मी कसला झोपतोय!