छताखालची फट

त्याला सगळे ‘जपून’च म्हणायचे. बॅटऱ्या चार्ज करून द्यायचं दुकान; दारात कुणी काडीपेटी नुसती हातात धरली तरी आतून हाळी यायची, “जपून!” चार्जिंग लागलं की बॅटरीतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन बुडबुड्यांनी वर येतात. ना रंग, ना वास. छताशी दाटून बसले की एक ठिणगी पुरते. म्हणून पत्र्याखाली हातभर फट ठेवलेली. बायकोला मात्र नव्या नवलाईत त्यानं एवढंच सांगितलं होतं, “दोन वायू असतात बघ, आपल्यासारखे. भांडले की भडका, भडका विझला की पुन्हा पाणी.” ती पदर तोंडाला लावून हसली. फटीचं सांगायचं राहूनच गेलं.

त्या हिवाळ्यात त्याची छाती भरली. खोकून खोकून जीव मेटाकुटीला आला. एका सकाळी दुकानात शिरला, तर आत छान ऊब. रात्रभर लावलेल्या बॅटऱ्यांचे चिमटे काढायच्या आधी, नेहमीच्या शिस्तीनं, त्यानं छताजवळचा खटका खाली ओढला. खटक्यात बारीक ठिणगी रोजच उडायची. त्या दिवशी तिनं पत्रा उडवला. बॅटऱ्या फुटल्या, अ‍ॅसिड डोळ्यांत गेलं.

दवाखान्यात उशाशी बायको मुसमुसत होती. “काल संध्याकाळी फटीत मी पोतं कोंबलं हो. म्हटलं, वारा लागायला नको तुम्हाला. आणि हे काय होऊन बसलं!”

पट्ट्यांखाली त्याला सगळं लख्ख दिसलं. तेवढ्यात मेहुणा आला. “दाजी, झालं तरी कसं?”

“खटका बंद न करताच चिमटा ओढला,” तो म्हणाला.

“शाब्बास! जगाला जपून, आणि स्वतः आंधळा कारभार!” बोलून गेल्यावर मेहुण्यानं जीभ चावली.

गल्लीभर तेच झालं. गिऱ्हाइकं हळहळली, मग पाठीमागं हसली. बायको तर ताट वाढता वाढता ऐकवायची, “एक खटका बंद करायला हात झिजले असते का तुमचे?” तो मुकाट घास चाचपायचा. ती रागावतेय तोवर तिला ठाऊक नाही, एवढाच दिलासा.

दुकान पुन्हा उभं राहिलं. आता चिमटे ती लावायची, तो स्टुलावर बसून सांगायचा. पुन्हा थंडी आली, पुन्हा खोकला. एक दिवस शिडी ओढल्याचा आवाज आला.

“काय करतेस गं?”

“फट बुजवते. रात्रभर खोकत होतात.”

“नको!” तो उठला, तसं स्टूल कलंडलं.

“एवढं ओरडायला काय झालं?”

खरं कारण सांगावं, तर ती मागचं सगळं जुळवणार. “वारा बरा वाटतो मला,” तो म्हणाला आणि नेमका तेव्हाच खोकल्यानं वाकला.

शिडीची करकर थांबली. बॅटऱ्या बुडबुडत होत्या.

“अहो, त्या दिवशी...”

“त्या दिवशी मी चिमटा ओढला! किती वेळा सांगू?”

वरून काहीतरी मऊ जमिनीवर पडलं. पोतं. ती मात्र बराच वेळ खाली उतरली नाही.

जेवताना तो टोमण्याची वाट बघत बसला. तिनं घास त्याच्या हातात ठेवला. बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

“अगं, बोल की,” तो शेवटी म्हणाला. “खटक्याचं बोल.”